सैल झाकणं

आम्ही दोघी एका बीजाच्या, आइली आणि मी.
ती वीस मिनिटांनी मोठी,
आणि ते वीस मिनिटांचं मोठेपण
तिनं साठ वर्षं पुरवून पुरवून वापरलं.

चाळिशीला दोघी एकाच दिवशी गेलो
गावच्या दवाखान्यात, रक्त द्यायला.
आजारी कुणीच नव्हतं. उत्तर स्वीडनमधल्या
आमच्या त्या गावात सगळेच जात होते,
तपासणी फुकट, वर कॉफी आणि वेलदोड्याचा पाव.
आइलीनं माझाही पाव खाल्ला.
नळ्या गेल्या उमेओला, उणे ऐंशीच्या थंडीत,
आम्ही घरी गेलो. वल्ही तिच्या हातात होती.

मग एका नोव्हेंबरात
तिला कॉफीचा कप उचलेना.
गारठा आहे, म्हणाली.
मग बटणं. मग किल्ली. मग अख्खी सकाळच
आखडायला लागली,
दहा वाजेस्तोवर बोटं तिची नसायची.

डॉक्टर लिन्नेआ पोरगेलीशी, नाकावर ठिपके.
तिनं ती जुनी नळी शोधून काढली,
वितळवली, वाचली, आणि हळूच सांगितलं:
नऊ वर्षं आधीच
तिच्या रक्तात तिच्याविरुद्धचे साक्षीदार
येऊन बसले होते.
म्हणजे तिनं माझा पाव खाल्ला
त्या दिवशी.

मग माझी नळी.
अक्षरं तीच. सहाव्या गुणसूत्रावर
त्याच ओळीत तीच चूक –
चूक नव्हे, लिन्नेआ म्हणाली, एक वळण;
कधीकाळी कुठल्याशा तापातून
याच वळणानं एखादी पणजी वाचलीही असेल.
पण माझ्या रक्तात साक्षीदार नव्हते.
का?
आइली सोळा वर्षं तांब्याच्या भट्टीवर होती,
धूळ, धूर, दिवसाला एक पाकीट.
मी वाचनालयात.
पण सिगारेट मीही ओढलीय. तिच्याच पाकिटातली.
लिन्नेआनं पेनाचं टोपण काढलं,
परत लावलं.

आमच्याकडे कुंपण घालतात
रेनडिअर आत येऊ नयेत म्हणून.
कुंपणालाच भूक लागेल
हे कुणाच्या डोक्यात आलं होतं?

परवा तिची तूवा आली, एकतीस वर्षांची,
आई झोपलीय बघून विचारलं:
मावशी, मीही करून घेऊ तपासणी?
तुझं आणि आईचं रक्त एकच ना,
मग मी कुणाची मुलगी?
या हातांची, की त्या?
माझे हात तेव्हा बटाटे सोलत होते,
भराभर, बिनबोभाट.
मला त्यांची लाज वाटली.
सिगारेट सोड, एवढंच म्हटलं.
मी ओढतच नाही, ती म्हणाली.

ऑगस्टात दलदलीतून पिवळ्या बेऱ्या आणते
आता मी एकटीच.
मुरंबा दोघींचा, बरण्या दोघींच्या.
तिच्या बरण्यांची झाकणं
मी सैलच फिरवते, नुसती टेकवल्यासारखी.
मग बुरशी धरते कधीकधी.
आइली वरचा थर चमच्यानं काढून टाकते,
चमचा मुठीत धरून, लहान मुलासारखा,
आणि करवादते:
साधं झाकण लावता येत नाही तुला अजून?

वीस मिनिटांनी मोठी.
मी म्हणते, नाही येत.