पाण्याची वही

पडद्याच्या कोपऱ्यात लिहून येतं:
जोडलेलं आहे, इंटरनेट नाही.
बाबांना वाचून दाखवलं.
म्हणाले, आपल्या नात्यात असे पुष्कळ आहेत.

राउटरचे तिन्ही दिवे हिरवे,
म्हणजे तो निर्दोष.
कंपनीच्या बाई म्हणाल्या, बंद करून तीस मोजा, मग चालू करा.
म्हटलं, केलं.
म्हणाल्या, आता माझ्यासमोर करा.
मग त्या फोनवर गप्प राहिल्या
आणि मी मोठ्यानं मोजलं, एक ते तीस,
शाळेतल्यासारखं.

'नेटवर्क विसरा' असं एक बटण असतं.
दाबलं. सहा वर्षांचा सहवास
एका टिचकीत विसरलं.
पुन्हा ओळख करून दिली,
पासवर्डातल्या मोठ्या के सकट.
ड्रायव्हर जुना झालाय, यंत्र म्हणालं,
नवा हवा तर इंटरनेटवरून उतरवून घ्या.

शेजाऱ्यांची नेटवर्कं मात्र यादीत धडधाकट:
गोगटे_वरचा_मजला, त्रिमूर्ती३०२,
आणि एकाचं नावच मागू_नये.

सोमवारी नऱ्ह्याहून सिद्धोधन आला,
हेल्मेट स्टुलावर, बूट दाराबाहेर.
त्याच्यासमोर सगळं सुतासारखं सरळ.
ताई, काहीच नाहीये, तो म्हणाला.
म्हटलं, माझंही तेच म्हणणं आहे.
त्यानं चहा घेतला, दोन बिस्किटं,
आणि कागदावर लिहिलं: तक्रार निवारण झाले.

शुक्रवारी दुपारी
अप्पा बळवंत चौकातून पटवेकरांचा फोन:
मॅडम, पत्रिकेत नवरीच्या आजोबांच्या नावाआधी
कै. पडलंय.
आजोबा आहेत.
चार वाजता स्वतः येणारेत प्रूफ बघायला.

मी कै. खोडलं, श्री. घातलं.
माझ्या टेबलावर माणूस उठून बसला,
प्रेसमध्ये अजून गेलेलाच.
फाइल जाईना.
मोबाइलचा डेटा सकाळीच संपलेला.
धायरीहून पेन ड्राइव्ह घेऊन निघावं
तर सिंहगड रोड आहेच मधे.

बाबा खडकीच्या फॅक्टरीत स्टोअरला होते.
आत काय आलं, बाहेर काय गेलं,
लिहिल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही.
टँकरचीही वही आहे:
मंगळवार, सव्वाअकरा, दोन्ही पिंपं काठोकाठ.
शुक्रवार, पावणेबारा, काठोकाठ, किंचित गढूळ.
सोमवार, तळाला चार बोटं.

ती वही त्यांनी
माझ्या तक्रार क्रमांकांच्या कागदाशेजारी ठेवली,
चष्मा कपाळावर चढवला, बोट फिरवलं.
मंगळवार. शुक्रवार. मंगळवार.
काही न बोलता उठले
आणि पॅसेजमधल्या निळ्या पिंपावर
दार वाजवावं तसं दोनदा टकटक केलं.

अलीकडे माझं टेबल, पलीकडे राउटर,
मधे चारशे लिटर पाणी,
ढिम्म.

ढकलून हलेना.
एक थेंब सांडायचा नाही, बाबा म्हणाले.
मग कुकर, पातेली, परात, दुधाची किटली,
इडलीपात्राचं पोट, दोन्ही बादल्या,
कुंडीतल्या मनीप्लँटलासुद्धा अवेळी पेलाभर.
मगानं उपसत राहिलो, कोपरापर्यंत ओले,
मी मधूनच धावत जाऊन पडदा बघायची.
वीतभर पाणी उतरलं, एक रेघ उगवली.
आणखी वीतभर, दुसरी.
दुसऱ्या पिंपाच्या निम्म्यावर, तीन पन्नासला,
'पाठवले' असं आलं.

संध्याकाळी पटवेकर म्हणाले,
आजोबा बघून गेले.
अक्षर फार बारीक आहे म्हणाले.

राउटर आता कॅलेंडरच्या खिळ्याला
सुतळीनं टांगलाय, पिंपाच्या डोक्यावरून बघतो.
वहीत एक रकाना वाढलाय, पट्टीनं आखलेला.

त्या शुक्रवारी मात्र
ओट्यावर, ओट्याखाली, खिडकीत, फ्रिजवर,
सगळी भांडी भरलेली,
आणि चहाला एक रिकामं सापडेना.