सात अक्षरांचा पत्ता

तेहेतीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
पाकिटं मोजली.
भोंगा झाला तरी हिशेब जुळेपर्यंत
कुणी घरी जात नसे. एक ताव कमी
म्हणजे अख्खी पाळी थांबलेली.
मग फाटकापाशी हात वर, झडती :
बाहेर पडणारा माणूस रिकामा असला पाहिजे.

ऋजुताचं उलटं.
तिची पाकिटं आत जाताना भरलेली हवीत.
अंबडला, पत्र्याच्या शेडवरच्या मजल्यावर
ती विषाणूतलं त्याचं स्वतःचं सगळं काढून टाकते,
नुसतं कवच ठेवते, साठ तुकड्यांचं,
आणि आत घालते एक जनुक.
"शंभरातली सत्तर रिकामीच निघतात, पप्पा,"
भाकरीचा तुकडा हातात तसाच.
सत्तर!
आमच्याकडे सुपरवायझर घरी बसला असता.

शिवाय पत्र मोठं, पाकीट लहान.
स्नायूंचं ते जनुक जवळजवळ तिप्पट लांब,
म्हणून मधला मजकूर गाळायचा,
मायना आणि सही तेवढी ठेवायची
आणि तेवढ्यावर पाय चालले पाहिजेत.

पाय देवळालीगावातल्या प्रज्योतचे.
जमिनीवरून उठताना तो गुडघ्यांवर हात ठेवतो,
मग मांड्यांवर,
स्वतःच्याच अंगाला शिडी लावून चढतो.
आई नजर वळवत नाही. मोजते.
गेल्या दिवाळीत चार सेकंद, आता नऊ.

आणि भरलेली पाकिटं तरी कुठे जातात?
यकृतात. बहुतेक टपाल त्या एकाच दारात,
मांडीपर्यंत जेमतेम चार.
जास्त सोडावीत तर यकृत सुजतं.
आमच्या पिनकोडला सहा आकडे;
ही कवचाच्या एका वळणावर सात अक्षरं बसवते.
कुठली सात?
तिलाही माहीत नाही.
म्हणून लाखो कवचं, प्रत्येकावर वेगळी सात,
उंदरात एकदम सोडायची
आणि मांडीत जी सापडतील
त्यांचीच पुढची छपाई.
मी म्हटलं, चुकीची छपाई आम्ही भट्टीत घालायचो,
दोघांच्या सहीने.
ती म्हणाली, "आम्ही तिच्यातच शोधतो."

मार्चमध्ये रक्ताचा अहवाल आला.
प्रज्योतचं रक्त हे पाकीट ओळखतं.
कधीतरी, वर्षा-दीड वर्षाचा असताना
मूळ विषाणू येऊन गेला असणार,
नाक वाहिलं असेल, कदाचित तेही नाही.
तेव्हापासून आत वॉचमन बसलाय
चेहरा पाठ करून.
चाचणीच्या यादीतून नाव कमी.

त्या रात्री ऋजुता जेवली नाही.
एवढंच विचारलं :
"गठ्ठ्यातला खराब ताव कसा ओळखायचात?"
"कानाने. अंगठ्याखालून ताव सोडत जायचे.
खराब तावाशी आवाज अडखळतो."
ती बराच वेळ टेबलावरचं जुनं मासिक
अंगठ्याखालून सोडत राहिली.

आता ती चेहराच बदलतेय.
वॉचमनची बोटं जिथे बसतात
तेवढ्याच जागा, एकेक करून.
कधी पत्ता टिकतो आणि वॉचमन ओळखतो,
कधी वॉचमन फसतो आणि पत्ता जातो.
एक्केचाळिसावी खेप चालू आहे.
मी विचारणं सोडलंय.

प्रज्योत संध्याकाळी माझी तिकिटं बघायला येतो.
त्याला उलटं छापलेलं एकच आवडतं.
भोंगा झाला की माझे हात अजून आपसूक वर जातात.
तो खिदळतो, आपलेही वर करतो,
डावा खांद्यापर्यंत, उजवा कानापर्यंत.
मी त्याचे खिसे तपासतो :
शेंगदाण्याची पुडी, एक गोटी,
रिक्षाचे वीस रुपये.
पुन्हा मोजतो.
हिशेब जुळत नाही रे, म्हणतो,
बस अजून थोडा वेळ.