कोरी पानं

पाथर्डी फाट्यावर शनिवारी दहाला वीज जाते.
इन्व्हर्टरवर एक पंखा आणि हे जुनं यंत्र,
दोन जीबीचं, मुद्दाम जपलेलं.
श्रीमंत मशीनवर स्वॅपची वेळच येत नाही,
आणि वेळ आली नाही की सगळेच पास.

मुदस्सिरचा पॅच. दोनशे बारा ओळी.
मालेगावचा मुलगा, लागून सात महिने झालेत,
कमेंट मोजक्या लिहितो, आणि खऱ्या.

रीत सरळ आहे.
कर्नेलला सांगायचं, एवढ्याच जागेत भागव,
मग जागेच्या दुप्पट पानं मागायची.
पाट चाळीस, जेवायला ऐंशी.
पहिली पंगत उठवावी लागते,
ती डिस्कवर जाऊन बसते, अंधारात,
आणि हाक मारली की परत यायला हवी
जशीच्या तशी,
एकही बिट इकडचा तिकडे न होता.

बस, एवढंच तपासायचं.
साठ वेळा चालवलं, साठ वेळा हिरवं.

हिरव्याशी माझं वैर नाही.
पण अठरा वर्षांत एक खोड लागली:
जो कधीच नाही म्हणत नाही
त्याच्या होकाराला मी चहा पाजत नाही.

म्हणून कर्नेलमध्ये हात घातला.
डिस्कवरून परत येणाऱ्या प्रत्येक पानाचा
सतरावा बाइट बिघडवला, जाणूनबुजून.
बिल्ड लावला, खाली जाऊन दूध आणलं,
जिन्यात कातकाडे काकूंशी पाण्याच्या टाकीवरून बोलले,
वर आले.

हिरवं.

खिडकीत पांडवलेण्यांचा डोंगर.
त्याच्याकडे बघत बसले थोडा वेळ, तो काही सांगत नाही.
मग एकशे एकेचाळीसावी ओळ पुन्हा वाचली.
पानं भरली होती, हो.
शून्यांनी.

आणि कर्नेल काही दुधखुळं नाही.
नुसत्या शून्यांचं पान डिस्कपर्यंत कशाला वाहील?
आपल्या वहीत खूण करतं, हे कोरं होतं,
आणि मागितलं की दुसरं कोरं पान पुढे करतं.
कुणी गेलंच नव्हतं. कुणी आलंच नव्हतं.
रिकाम्या पत्रावळींना आम्ही विचारत होतो, जेवलात का,
आणि साठही वेळा सगळ्या म्हणाल्या, पोटभर.

फोन लावला. मागे मागांचा खडखडाट.
“मॅडम, थांबा, बाहेर येतो.”
बाहेर येऊनही तो आवाज त्याच्यासोबतच आला.
सांगितलं. गप्प झाला.
मग म्हणाला, “अब्बा रोज सकाळी
पहिल्या मागावर बाण्याचा धागा बोटानं तोडतात.
तो थांबला तरच बाकीचे चालू करतात.
लहानपणी मी विचारायचो,
चांगला धागा वाया का घालवता?”
पुढे बोलला नाही.

माफी मागेल आता, वाटलं, म्हणून घाईनं म्हणाले:
ती ओळ तुझी नाही रे.
चार वर्षांपूर्वीच्या एका चाचणीतून तू उचललीस,
खालचं नाव बघ.
तपासलं, ठीक आहे, असं लिहिणारी मीच.

खडखडाट.
“बघितलं होतं, मॅडम,” तो म्हणाला,
“म्हणूनच तर उचलली.”

हे मला दुपारभर पुरलं.

दोनला वीज आली, फ्रीज कण्हत सुरू झाला.
त्याला उत्तरात लिहिलं:
प्रत्येक पान त्याच्याच क्रमांकानं भर,
पहिल्या ओळीत नुसता नको, पानभर,
आणि परत आल्यावर ज्याचं त्याला विचार, तू कोण.
जुन्या चाचणीचा पॅच मी पाठवते, माझ्या नावानं.

चाराच्या सुमारास त्याची नवी आवृत्ती आली.
बिघडवलेल्या कर्नेलवरच चालवली.
पान तीन, बाइट सतरा:
हवं होतं एक, मिळालं भलतंच.
लाल.

चहा टाकला.
उतू जायच्या आत
ती बिघडवलेली ओळ काढून टाकायला हवी,
नाहीतर विसरेन.