सातवं टेंगूळ

बूट दाराशीच काढ म्हटलं, तर तू विचारलंस,
कुठे आहे तो?
नाव नंतर सांगितलंस. लॅकलन. डंडीहून आलेला.
भौतिकशास्त्र तू अर्धवट सोडलंस की त्यानंच तुला सोडलं,
ते मी विचारलं नाही.

गोठ्याच्या दाराशी होता.
बेचाळीस वर्षं तिथेच, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून.
बटाट्याच्या वावरात डगीच्या नांगराला लागला,
फाळ वाकला, डगीनं तीन शिव्या घातल्या,
मग मातीतून उचलून, पँटला पुसून
बराच वेळ काही बोलला नाही.
मुठीएवढा दगड, अंगभर टेंगळं.
पाच हजार वर्षांचा तरी असेल,
असं पुढे ॲबर्डीनहून आलेल्या बाई म्हणाल्या.
कशासाठी केला, ते त्यांनाही माहीत नव्हतं.
माहीत नाही असं म्हणाल्या, म्हणून मला आवडल्या.

तुला मात्र माहीत होतं.
टेबलावरचं लोणी सरकवून तू कागद पसरलेस,
कंपास, कोनमापक, मोबाइलमध्ये गरगरणारी जाळी.
सहा टेंगळं म्हणजे घनाच्या सहा बाजू,
सहा बाजू म्हणजे अष्टफलकाची सहा टोकं,
अष्टफलक म्हणजे मिठाच्या कणात
सोडियमला घेरून उभे सहा क्लोरिन,
आणि तिथून एका उडीत तू
इलेक्ट्रॉनच्या ढगात, पोकळीच्या उकळीत,
विश्व ज्या एका सुरात थरथरतं म्हणे, त्या सुरात.
त्यांना ठाऊक होतं, म्हणालास. सगळं. गणिताच्या आधी.
मी मिठाची बरणी पुढे केली. सूपात कमी होतं.

दगडाची नि अणूची सोयरीक जुळवताना
तुझे कान लालबुंद झाले होते.
ठरत आलेलं लग्न मोडायचं पाप कोण घेईल?
तरी म्हटलं, लॅकलन, पुन्हा मोज.

खालच्या अंगाला, कडेशी,
वाटाण्याएवढं सातवं.
तू भिंग लावलंस. भिंग पुसलंस. पुन्हा लावलंस.
मग म्हणालास, ही चूक आहे.
कारागिराचा हात घसरला असेल.

हात घसरला तर खड्डा पडतो, पोरा.
दगड वर येत नाही.
टेंगूळ राखायचं तर त्याच्या चहूबाजूंचा दगड
दिवसच्या दिवस घासून घालवावा लागतो.
मी गारगोटी घेऊन करून पाहिलंय,
डगी गेला त्या हिवाळ्यात. दुसरं काही करायला नव्हतं.
मार्चपर्यंत नखाएवढंही झालं नाही.
म्हणजे ते सातवं
कोणाला तरी सबंध एक थंडीभर हवं होतं.

फोटो तू सहाच दिसतील असे काढलेस.
मी पाहिलं. गप्प राहिले.
जगाचा सांधा जुळत आलेला असताना
वाटाण्यासाठी कोण अडून बसतं?

पण एक सांगते.
निघताना तू तो दोन्ही हातांत धरलास,
डोळे मिटलेस, आणि मिनिटभर
ना क्वार्क, ना कोन, ना कंपन.
बाहेर बेनाखीच्या डोंगरावरून धुकं उतरत होतं,
कुत्रा जांभई देत होता,
आणि तुझा अंगठा आपसूक
त्या वाटाण्यावर जाऊन टेकला.
ते मिनिट तू कागदावर लिहिलं नाहीस.
माझा विश्वास तेवढ्यावरच आहे.

आता तो पुन्हा दाराशी.
वारा सुटलाय, दार धरून बसलाय.
गाईंना बघायला रात्री उठले की
अंधारात वाकून मोजते.
सात.
कधीकधी, बोटं फारच गारठलेली असली,
तर सहाच.