अधिक स्थिरांक

चाळीस वर्षांनी जमलो आम्ही, पुन्ता आरेनासला,
जिथे वाऱ्याच्या दिवसांत कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधतात
माणसांना धरायला.
एलेउतेरिओ ओयार्सोची शेड. विस्तवापाशी
लोखंडी क्रुसावर ताणलेलं अख्खं कोकरू,
आणि खिडकीबाहेर सामुद्रधुनी,
नुकत्याच पुसलेल्या फळ्यासारखी करडी.

कुणीतरी विचारलं, बहुधा यास्नानेच,
तिला अजून पहिला नंबर सोडवत नाही:
"वर्गसमीकरणाचं सूत्र कुणाला येतंय?"

"उणे बी," एलेउतेरिओ म्हणाला, सुरी वर धरून,
"अधिक-उणे..." आणि अडला,
दाराशी यावं आणि किल्ली दुसऱ्या कोटात राहावी
तसा.
नेल्दाला वर्गमूळ आठवलं,
त्या छपराखाली कोण राहायचं ते नाही.
बोटीवर इंजिन सांभाळणाऱ्या इवोने
कुठूनसे चार एसी आणले.
"भागिले ए," मिरेया म्हणाली. ती बँकेत आहे,
म्हणून कुणी शंका घेतली नाही.
अकरा जणांनी मिळून एक सूत्र उभं केलं,
वादळानंतर गावभर हिंडून
आपले पत्रे गोळा करून आणावेत तसं.
त्यातला एक शेजाऱ्याचा होता,
आणि एक मिळालाच नाही.

मग कुणाला काय लागतं याचा हिशेब.
मिरेयाला शेकडेवारी. इवोला त्रैराशिक, तेही डिझेलपुरतं.
नेल्दा सुईण; ती दोन कळांमधलं अंतर मोजते,
"आणि ते कमी होत गेलं की मी आकडे सोडून देते."

यास्ना माझ्याकडे वळली:
"तू तर रोज वापरतेस गं. बाहीचा माथा
म्हणजे साइनचाच वक्र की."
असेल.
मला तो काकूने शिकवला, पावाच्या कागदावर,
तोंडात टाचण्या धरून, एक शब्द न बोलता.
उगाच माझी समजूत घालू नका.
दोन वर्षं रडले मी त्या वहीवर,
दर परीक्षेला पहिले पाढे पंचावन्न,
आणि त्या रडण्याचं काहीही वसूल झालं नाही.
शिवणयंत्रासमोर बसून कधी कधी
मी त्या पोरीची बाजू घेते, एवढंच.

कोपऱ्यात घोंगडीत गुंडाळलेले मान्सिया सर,
अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, इतका वेळ गप्प, म्हणाले,
"मलाही कधी लागलं नाही."
सगळे थांबले.
"पगार सोडला तर."

"आणि बटाट्याचे वाफे? किती सरळ असायचे तुमचे!"
"ते अंदाजाने."

हसण्यात एक पेला फुटला.

मला एकच गोष्ट राहिली आहे, तीही त्यांच्यामुळे.
उत्तर बरोबर, पायऱ्या बरोबर, तरी दोन गुण कापायचे,
लाल शाईत लिहायचे: आणि स्थिरांक?
विकलन करताना तो निमूट नाहीसा होतो,
आणि उलट वाटेने परत यावं
तर केवढा होता, कुणालाच सांगता येत नाही.
म्हणून शेवटी नुसतं लिहायचं, अधिक सी.
हातच्यासारखं नाही हे. हातचा आपण ठेवलेला असतो,
आपल्याला माहीत असतो.

निघताना मी त्यांच्या गुडघ्यांवर घोंगडी सारखी केली.
"किती आलात?" त्यांनी विचारलं.
"अकरा, सर."
वर्गात आम्ही एकोणीस होतो.
दोघं गेले, तिसऱ्याचं नक्की नाही,
कुणी उत्तरेला, कुणाचा पत्ताच नाही,
आणि रोसाल्बा, जिच्या वहीतून मी उतरवायची,
तिचं आडनावसुद्धा मला आता आठवत नव्हतं.
त्यांनी भुवई उचलली. तीच.
"आणि?"

मी तोंड उघडलं.
तेवढ्यात एलेउतेरिओने कागदात बांधलेलं हाड
त्यांच्या मांडीवर ठेवलं, त्यांच्या कुत्र्यासाठी,
आणि ते खूश होऊन म्हणाले, "हां."

बाहेर वारा होता. मी दोर धरला.