दुसरा भाग

मंगळवारी आमची पुस्तकांची गाडी
बर्सेच्या चर्चपाशी थांबते,
अर्धा तास. वारा असेल तर वीस मिनिटं.
ऑर्कनीत वारा असतोच.

एर्लेंड फ्लेट, वय नऊ,
दोन्ही हातांनी पुस्तक उचलून टेबलावर ठेवतो
भिंतीतून निखळलेला चिरा ठेवावा तसं.
दुसरा भाग. सहाशे बारा पानं,
वर नकाशा, वर वंशावळ,
वर एका जुन्या भाषेचा कोश, उच्चारांसकट.
ब्याऐंशीव्या पानात खुणेला बोटीचं तिकीट.

"अर्धं वाचून परत केलं तर चालतं का?"
अर्धं कुठलं, मी म्हणते,
अजून नमनाचं तेलसुद्धा संपलं नाहीये.
तो हसत नाही.
कान लाल झालेत, थंडीने की कशाने.
"पहिल्यात," म्हणतो,
"दार नुसतं असतं."

हो. पहिल्यात दार नुसतं असतं.
एकशे चार पानं, टपोरं अक्षर,
मेंढ्यांच्या कुंपणात गुडघ्याएवढं एक दार,
आणि रॅग्ना नावाची मुलगी
हरवलेलं कोकरू शोधत आत वाकते.
पलीकडे समुद्र असतो, पण उभा.
एवढंच लिहिलंय: समुद्र उभा होता.
पुढच्या ओळीत ती बूट काढते.

दुसऱ्यात कळतं, दार कोणी केलं.
तीन घराण्यांनी. त्याआधी सात युद्धं, एक तह,
तहाची कलमं.
समुद्र उभा का, याला कारण निघतं,
कारणाला एक काका निघतो.
कोकराला नाव मिळतं, नावाला अर्थ,
आणि रॅग्ना,
शंभर पानं झाली तरी
बूट घालून सभेत बसलेली.

जाणकार म्हणतात, खरा ग्रंथ हाच.
कर्कवॉलच्या ग्रंथालयातले मिस्टर फूबिस्टर
दर हिवाळ्यात वाचतात,
घरच्या प्रतीत पेन्सिलीने तारखा जुळवतात.
चौथ्या राजाचं वय चुकलेलं सापडलं
तेव्हा आठवडाभर खुशीत होते,
सगळ्यांना बिस्किटं वाटली.
त्यांचं सुख खोटं नाही.
मीही दोनदा निघाले होते त्या वाटेने.
दुसऱ्यांदा सदतिसाव्या वर्षी, पाठ धरली होती तेव्हा,
एकशे चाळिसाव्या पानापर्यंत पोचले.
तिथे एक पूल आहे.
पुलावर एक वकील.

दोन भागांमध्ये एकोणीस वर्षं गेली.
तेवढ्यात लिहिणाऱ्या बाईंना
मुलांची पत्रं आली असतील पोतंभर:
दार कोणी केलं? कोकरू मोठं झालं का?
पाणी सांडत कसं नाही?
त्या स्वभावाने चांगल्या असणार,
एकेकाला उत्तर द्यायचं म्हणून बसल्या असणार.
एक पत्र माझंही होतं,
निळ्या शाईत, शेजारी कोकराचं चित्र.
उत्तर आलं नाही म्हणून मी महिनाभर
पोस्टमनशी बोलत नव्हते.
मग आलं, सहाशे बारा पानांचं,
मी अठ्ठावीस वर्षांची असताना.

हे मी एर्लेंडला सांगत नाही.
"चालतं," एवढंच म्हणते, आणि तिकीट परत करते.
तो ते उलटसुलट बघतो,
पुन्हा त्याच पानात सरकवतो.
"राहू दे. कुणाला तिथून पुढे जायचं असेल."

पहिला भाग खालच्या फळीवर,
पाठीला चिकटपट्टी, कोपऱ्यावर कुणाचा तरी जॅम.
तारखेच्या चिठ्ठीत शिक्क्याला जागा उरली नाही,
मी आडवा मारते.
चौथ्यांदा नेतोय.
रेनकोटाच्या आत, पोटाशी, बसतं बरोबर.

मागच्या काचेतून दिसतो,
दगडी कुंपणाच्या कडेकडेने चाललेला.
मध्येच थांबतो. वाकतो.
नाडी सुटली असेल.
वीस मिनिटं होऊन गेलीत,
किल्ली माझ्या हातातच आहे.