पस्तीस टोपल्या

आमच्या घरात दरवर्षी पस्तीस टोपल्या विणायचो,
रोमच्या पस्तीस गणांसाठी.
टायबरच्या काठावरून वाळुंजाच्या ओल्या फोका
बाप पाठीवर आणायचा, मी सोलायचे.
बूड घट्ट घाल, ओपिया, म्हणायचा,
एक पाटी जरी निसटली
तरी कुणाचा तरी हक्क मातीत जातो.

मैदानात लाकडी कुंपण. मेंढवाडाच म्हणत त्याला.
अरुंद फळीवरून एकेक जण चढायचा,
मुठीत पाटी.
एका अक्षराचा अर्थ 'तू म्हणतोस तसं',
दुसऱ्याचा 'जुनंच राहू दे'.
मी कुंपणाबाहेर. बाईला कसलं मत?
पण पाटी पडल्याचा टक् आवाज
माझ्या बोटांना ऐकू यायचा.

मग ती वर्षं.
भाऊ, वोपिस्कुस, फिलिप्पीला पडला,
कुणाच्या बाजूनं
ते आईला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.
नदीला सूज आल्यासारखी माणसं वाहत गेली,
आणि मग एकच उरला.
त्यानं युद्धाच्या देवळाची दारं लावून घेतली.
खोटं कशाला बोलू,
त्या रात्री मला गाढ झोप लागली.

लाकूड गेलं, संगमरवर आला.
कॉन्सल होतेच, सिनेट होतंच,
टोपल्यांची मागणीही वेळेवर यायची.
एका वर्षी मी मुद्दाम वीण सैल ठेवली,
बुडातून बोट जाईल इतकी.
कुणी काही बोललं नाही.
पुढच्या वर्षी आणखी सैल.

सत्तरी ओलांडली तेव्हा कारकून आला,
हेरेन्नुस, पोरसवदा, नखं स्वच्छ.
यंदापासून नकोत, म्हणाला,
आत सिनेटमध्येच ठरेल सगळं;
दारावरच्या भाजीवालीला सांगावं तसं.
तयार होत्या त्यांचे पैसे मात्र चोख दिले.

संध्याकाळी शेजारचा मातो येऊन बसला.
हा दरवर्षी एका सुरईला मत विकायचा,
वर दारू आंबट म्हणून कुरकुरायचा.
आज रडत होता.
विकायलासुद्धा काही ठेवलं नाही गं, म्हणाला.

मला हसू आलं, मग आलं नाही.
बाकावर सरकून त्याला जागा दिली.
पायाशी पस्तीस टोपल्या.
उद्या अंजिरवाल्याला विचारीन.
त्याला बूड घट्ट लागतं.